लाईट-पाणी धरून किती?

कराडला रूम शोधायची तर ॲपवर बघण्यात फार अर्थ नाही, चालत फिरायचं. विद्यानगर, सैदापूर या बाजूला कॉलेजं आहेत, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तर १९६० पासूनचं, आणि हायवेपलीकडे मलकापूर, आगाशिवनगरला कृष्णा हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज, त्यामुळे दोन्हीकडे जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखाद्या गेटवर पाटी असतेच, 'रूम भाड्याने देणे आहे, लाईट पाणीसह, फक्त नोकरदार महिला व विद्यार्थिनी'. जून-जुलैत या पाट्या चार दिवसपण टिकत नाहीत. बाकीच्या वर्षात मात्र निवांत बघता येतं, घासाघीसपण करता येते.

पुण्यात राहिलेल्या माणसाला हा प्रकार जरा नवा वाटतो. तिथे भाडं वेगळं, मेंटेनन्स वेगळा, लाईटबिल आपलं आपण मोबाईलवरून भरायचं, मालक कधी भेटतच नाही, ब्रोकरच भेटतो. इकडे मालक खाली राहतो आणि आपण वर. बंगला मुळात एका कुटुंबासाठी बांधलेला, मग पोरं पुण्याला नाहीतर बेंगलोरला गेली, वरचा मजला रिकामा राहिला, मग त्याचे दोन-तीन भाग पाडले, एक जिना बाहेरून काढला आणि झाल्या रूम. मीटर मात्र एकच, टाकी एकच, मोटर एकच, वायफायसुद्धा एकच. म्हणजे 'सगळं धरून भाडं' ही काही कुणी विचार करून काढलेली स्कीम नाहीये, मीटर एक आहे आणि वेगळं मोजायची सोय नाही म्हणून ती आपोआप झालेली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे वाद का होतात ते कळतं.

मी नोकरीसाठी इकडे आले तेव्हा जी रूम घेतली ती अशीच, वन आरके, भाडं साडेसहा हजार, घरमालक काका म्हणाले, "लाईट, पाणी, वायफाय समदं धरून हाय बघा, तुम्हाला काय बघायलाच नको." त्याच गल्लीत तशीच रूम लाईट सोडून साडेपाच हजाराला होती. म्हणजे महिन्याला हजार रुपये लाईटचे. मी तेव्हा डोक्यात हिशोब केला की माझं एकटीचं काय जळणार आहे, पण केला नीट कागदावर नंतर, तो इथे देते कारण असा हिशोब मराठीत मला कुठे लिहिलेला सापडला नाही.

पंखा साधा, ७५ वॅटचा, दिवसाला दहा तास धरला तर महिन्याला बावीस-तेवीस युनिट. छोटा सिंगल डोअर फ्रिज वीसच्या आसपास. गिझर २००० वॅटचा, रोज अर्धा तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याचे तीस. लॅपटॉप, मोबाईल, दिवे, मिक्सर, इस्त्री सगळं मिळून दहा-बारा. झाले पंच्याऐंशी युनिट. स्वतःचं मीटर असतं तर २०२४-२५ च्या दराने पहिल्या १०० युनिटला वहन आकार (वीज आणून पोचवायचे पैसे) धरून ५ रुपये ८८ पैसे, म्हणजे पाचशे, त्यात स्थिर आकार (वापरा न वापरा, दर महिन्याला ठरलेला) साधारण १३०, वर १६ टक्के वीज शुल्क, सव्वासातशे-साडेसातशेला विषय संपला. (दर दरवर्षी हलतात, इंधन समायोजन वगैरे अजून वेगळं, पण ढाचा तोच.)

मग हजार का घेतात? माझ्या ऑफिसातल्यांचं मत एकच, मालक लोक कमावतात. मलापण तसंच वाटायचं. पण महावितरणच्या घरगुती दराला टप्पे असतात, १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, आणि पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की दर जवळजवळ दुप्पट होतो, २०२४-२५ ला ११ रुपये ४६ पैसे होता, तिसऱ्यात १५ च्या वर. आता काका-काकूंचे नव्वद युनिट, आणि वरच्या आम्ही तिघी प्रत्येकी नव्वदच्या आसपास, असं धरा, एकूण ३६०. चौघांची मीटरं वेगळी असती तर सगळे पहिल्याच टप्प्यात बसले असते आणि चारही बिलं मिळून तीन हजारांच्या जरा वर गेली असती, तेसुद्धा चार वेगवेगळे स्थिर आकार भरून. एका मीटरवर तेच ३६० युनिट गेले की बिल साडेचार हजारांच्या वर. वीज तेवढीच, माणसं तेवढीच, दीड हजार रुपये नुसते मीटर एक आहे म्हणून. भागाकार केला तर युनिट पावणेतेरा रुपयाला पडतं! म्हणजे माझ्या पंच्याऐंशी युनिटचे हजार-अकराशे होतातच, काकांच्या खिशात त्यातलं काही राहत नव्हतं. सबमीटर (मुख्य मीटरच्या पुढे एका खोलीपुरतं लावलेलं खाजगी मीटर) लावून युनिटला बारा रुपये घेणाऱ्या मालकाला सगळे लुटारू म्हणतात, पण एका मीटरवर चार बिऱ्हाडं असतील तर बारा हा त्याचा खरा भाव असू शकतो. एकच भाडेकरू असेल आणि तरी बारा मागत असेल तर मात्र बिल दाखवा म्हणायचं.

पण पैशापेक्षा जास्त त्रास झाला तो नजरेचा. सगळं धरून म्हटलं की तुमच्या प्रत्येक बटणाचे पैसे मालकाच्या खिशातून जातात, आणि मालक खालीच राहतो, त्याचं लक्ष राहणारच. संध्याकाळी जिन्यात भेटल्या की काकू "काय गं, जेवलीस का" च्या जोडीला "गिझर बंद केलास नव्हं सकाळी?" हे विचारणारच. पुढे काकांनी वरच्या गिझरचा एमसीबीच, म्हणजे मेन स्विच, खाली स्वतःकडे घेतला, सकाळी सहा ते साडेसात चालू, नंतर बंद, मग रविवारी कुणी नऊला उठलं तर गार पाण्याने आंघोळ. इंडक्शन शेगडी चालणार नाही. इस्त्री चालेल पण "रोज कशाला". वॉशिंग मशीन विचारूसुद्धा नका. यातलं एकही ॲग्रीमेंटमध्ये नव्हतं, पाटीवर तर नव्हतंच, रूम बघायला गेल्यावर "काय बघायलाच नको" एवढंच होतं.

आणि गंमत म्हणजे राग नेहमी डोळ्याला दिसतं त्याचा. बाहेरच्या गॅलरीतला नऊ वॅटचा एलईडी रात्रभर राहिला की दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागायचं. नऊ वॅटचा दिवा एक युनिट जाळायला शंभराहून जास्त तास घेतो, म्हणजे तो महिनाभर सलग चालू ठेवला तरी सहा-सात युनिट. एप्रिलमध्ये एकीने कूलर आणला तर केवढा गहजब, पण साधा कूलर दीडशे-दोनशे वॅटचा, दोन-तीन पंखे समजा. खरं बिल वाढवतं ते पाणी तापवणं आणि मोटर. मोटर एक एचपीची, रोज तास-दीड तास चालते, महिन्याला पंचवीस-तीस युनिट तीच खाते, पण मोटर काका स्वतः चालू करतात आणि टाकी भरून वाहायला लागली की मगच त्यांना आठवते, ते काही कुणी बोलायचं नाही.

आई राहायला आली तेव्हा तर कमालच झाली. पहिल्या दिवशी काकूंनी आईला वरण-भात, भाजी असं सगळं ताट दिलं, गप्पा मारल्या, तू अगदी माझ्या बहिणीसारखी दिसतेस वगैरे. चार-पाच दिवसांनी काका मला गेटपाशी विचारतात, "आई किती दिवस हायत अजून?" मी म्हटलं गुडघ्याचं दाखवायचंय, ट्रीटमेंट चालू आहे, राहील थोडी. "न्हाई न्हाई, राहू दे की, आमचं काय न्हाई, फक्त पाणी जरा वाढतंय." आईला हे मी सांगितलं नाही. पण तिला कळलंच, ती दुपारी पंखा बंद करून बसायला लागली, मे महिन्यात. माणसं वाईट नव्हती हो, पाऊस झाला की आधी आमच्या खिडक्या बघायला वर यायची. पण सिस्टिमच अशी आहे की पाहुणा म्हणजे खर्च, आणि खर्च त्यांचा.

पाण्याचं म्हणाल तर कराडकडे तसं सुख आहे, कृष्णा आणि कोयना दोन्ही इथेच मिळतात, प्रीतिसंगमावर. पण मलकापूरला एक वेगळी गोष्ट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते, तिथे पंधरा वर्षांहून जास्त काळ २४ तास पाणी आहे आणि ते मीटरने. देशभर गाजलेली योजना, बघायला बाहेरून लोक यायचे. जास्त वापरलं तर पुढचा दर जास्त. त्यामुळे मलकापूरच्या मालकाला गळका नळ सांगितला की प्लंबर त्याच दिवशी येतो असा सगळ्यांचा अनुभव आहे, आणि कराडातल्या गल्लीत तोच नळ महिनाभर टपकतो कारण पाणीपट्टी वर्षाची ठरलेली. मीटर असलं की माणूस कसा बदलतो बघा. माझी एक कलीग लातूरची, तिच्या शाळेच्या दिवसांत, २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ती कुठलीही रूम बघायला गेली की लाईटचं विचारतच नाही, थेट टाकी किती लिटरची, मोटर कुणाच्या हातात, आणि बोअर आहे का. आम्ही हसायचो. आता मीपण विचारते.

सोलर गिझर हा अजून एक फसवा शब्द पाटीवरचा. 'सोलरचे गरम पाणी' म्हणजे सकाळी जो पहिला उठेल त्याला गरम पाणी. आणि कराडच्या जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसला तर बातमी, तेव्हा सोलर नुसता शोभेला, मग इलेक्ट्रिक गिझर आहे का आणि त्याचे पैसे कुणाचे हे मे महिन्यात रूम बघताना कुणाच्याच डोक्यात येत नाही. वायफायबद्दल काय बोलणार, राऊटर खाली हॉलमध्ये टीव्हीमागे, वर एक दांडी, आणि संध्याकाळी खाली मॅच लागली की तीपण गायब. गॅस बहुतेक जण धरत नाहीत, आपलं आपण बघायचं, ज्यांच्याकडे कनेक्शन नाही ते पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतात, एकट्या माणसाला तो बऱ्यापैकी पुरतो.

नंतर मी रूम बदलली. भांडून नाही, अकरा महिने संपले म्हणून. या वेळी ठरवून शोधलं, पाणी भाड्यात धरलेलं, जिन्याचा लाईट आणि मोटर मालकाकडे, आणि माझ्या खोलीचं मीटर वेगळं. सबमीटर नाही, महावितरणचंच दुसरं मीटर, मालकांच्याच नावावर, कारण या नव्या घरमालक काकांनी बांधतानाच वरच्या मजल्याला वेगळा जिना, वेगळं किचन करून दुसरं कनेक्शन घेऊन ठेवलं होतं. कायद्याने बघितलं तर वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेत राहणारा माणूससुद्धा कनेक्शन मागू शकतो, नुसता मालकच पाहिजे असं नाही. पण प्रत्यक्षात मालकाच्या संमतीशिवाय कुणी त्या भानगडीत पडत नाही, आणि मालकाला एकच भीती, मीटर भाडेकरूच्या नावावर झालं की उद्या घरावर हक्क सांगेल. मी ती भीती समजू शकते. मालकाच्या नावावर दुसरं मीटर हा सगळ्यात बिनभांडणाचा मार्ग, बिल माझ्या मोबाईलवर येतं, मी भरते, स्क्रीनशॉट टाकते, झालं. आता आई येते तेव्हा पंखा चालू असतो.

दुसरं मीटर शक्य नसेल तर सबमीटर, तो हजाराच्या आतबाहेर येतो आणि इलेक्ट्रिशियन तासाभरात लावतो. फक्त दोन गोष्टी बघा. एक म्हणजे लावला त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर असू दे आणि पुढे दर एक तारखेला. दुसरं, खोलीतलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, आणि सबमीटरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर दुसरं काहीतरी तुमच्यावर चालतंय. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या सबमीटरवर पार्किंगचे दिवे आणि बोअरची मोटर दोन्ही निघाले, मालकालाही माहीत नव्हतं, वायरमनने जवळची वायर दिसली ती जोडली होती.

ॲग्रीमेंटचं थोडं सांगते कारण छोट्या गावात यावर सगळे हसतात, "ओळखीतलं हाय, कशाला कागद". महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स करार लेखी पाहिजे आणि नोंदणी पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, आपली नाही. नोंदवला नाही तर काय अटी ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, समोरच्याने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद नसण्यात जास्त धोका मालकालाच आहे, हे त्यांना शांतपणे सांगितलं की बऱ्याचदा तयार होतात. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत हजार, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिट असेल तर त्याचं थोडं वर, आणि आता घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो. पण नुसता छापील नमुना घेऊ नका. त्यात 'लाईट व पाणी समाविष्ट' अशी एक ओळ असते आणि सगळे वाद त्या ओळीच्या बाहेरचे असतात. किती युनिटपर्यंत समाविष्ट, त्यापुढे काय दराने, गिझर धरून का, पाहुणे किती दिवस, मोटर बिघडली तर कोण, हे चार वाक्यांत लिहून घ्या. लिहिताना संकोच वाटतो, मान्य.

आता 'सगळं धरून' वाईटच का, तर नाही. फर्स्ट इयरचं पोरगं, जे दिवसभर कॉलेजात आणि शनिवार-रविवार गावी, त्याला हे बरोबर आहे, बापालाही महिन्याचा एकच आकडा कळतो. दोन-तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेल्यालाही ठीक. घरून काम करणारा, वेगळ्या वेळेला उठणारा, घरी म्हातारं माणूस येऊन-जाऊन असणारा, यांनी मात्र लांब राहावं. तुमची सवय आणि मालकाची सवय जुळली तर स्वस्त, नाहीतर ते हजार रुपये तुम्ही दुसऱ्या मार्गाने भरताच.

सध्या आमच्याकडे नवीनच विषय चालू आहे. या काकांनी पीएम सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवलंय, केंद्राची ७८ हजार सबसिडी मिळते, महिन्याला साधारण तीनशे-साडेतीनशे युनिट निघतात, पावसाळ्यात निम्म्यावर येतात. पण ते युनिट वळते होतात त्यांच्या खालच्या मीटरवर, माझं मीटर वेगळं, मला त्याचा शून्य फायदा आणि त्यांचे उन्हाळ्यात युनिट उरणार. म्हणून त्यांचं म्हणणं, तुमचं मीटर बंद करू, सगळं एकावर घेऊ, भाड्यात पाचशे वाढवा आणि लाईट फ्री. हिशोबाने खरं तर दोघांचाही फायदा आहे, टप्प्यांचं जे गणित वर सांगितलं ते सोलर आल्यावर बऱ्यापैकी उलटं होतं. मी म्हटलं चालेल, पण माझ्या खोलीला सबमीटर राहू दे, महिन्याला शंभर युनिट भाड्यात, वरचे सहा रुपयाने, आणि गिझरचं बटण माझ्याकडे. काका म्हणाले सहा फार कमी होतात, आठ करा. मी सातवर आलेय. ते पुण्याच्या मुलाला विचारून सांगणार आहेत.